कोरा रकाना

सातवा महिना. राजारामपुरी, दुसरा मजला.
तिनं पर्समधनं काढून टेबलावर ठेवलं
पेनाएवढं काहीतरी, आंब्याच्या वासाचं.
"सिगरेट सोडली, सिस्टर. आता एवढंच."

बागवान मॅडम चष्म्यावरून म्हणाल्या, "यावर बंदी आहे,"
आणि लोहाच्या गोळ्या लिहिल्या.
बंदी म्हणजे उत्तर नव्हे, त्यांनाही ठाऊक;
पेन खालच्या ओळीवर उगाच रेंगाळलं.

माझ्या कार्डावर एवढंच : तंबाखू, होय की नाही.
"किती ओढायचीस गं?"
"दहा."
"आणि आता?"
ती बोटांवर मोजायला लागली, मग थांबली.

ठोके ऐकवले तिला. एकशे बेचाळीस.
रकाना तसाच सोडला.

घरी जाताना माझ्या पिशवीत
मिश्रीची डबी किल्ल्यांवर आपटत होती,
पार सायबर चौकापर्यंत.