केसावर भांडं

सेलूत आमच्या गल्लीला नळ आठव्या दिवशी येतो,
सलाईन एकविसाव्या.
दोन्ही तारखांना ह्यांनी कॅलेंडरवर
एकाच निळ्या पेनानं गोल केलाय,
त्यामुळे कधीकधी मी सकाळी उठून विचारते,
आज भरायचं कुणाला,
हौदाला की मला?

डॉक्टरीणबाई चांगली आहे.
म्हणाली, पांढऱ्या पेशी दीड हजारावर आल्यात,
मांजर जवळ घ्यायचं नाही, कुत्र्याला चाटू द्यायचं नाही,
कोशिंबीर नको, फुलं नकोत, लग्नकार्य नको.
मी मान हलवली.
पण पावलीला कुणी सांगायचं?

पावली म्हणजे मांजर.
शिलाई मशीनच्या पायट्याखाली सापडली
तेव्हा चार आण्याएवढीच होती.
आता दाराच्या जाळीपलीकडे बसते
आणि जाळीत नखं अडकवून
टाका टाका मला उसवत राहते.

कुत्रा आमचा नाही, गल्लीचा.
नाव हवालदार, कारण हप्ता घेतल्याशिवाय दारातून हलत नाही.
रोजची एक भाकरी, तीही शिळी चालत नाही.
दुसऱ्या सलाईननंतर मी रिक्षातून उतरले,
डोक्याला रुमाल, अंगाला दवाखान्याचा वास,
तर माझ्यावरच भुंकला.
सगळी गल्ली बघायलेली.
म्हटलं, "आरं मीच हाव की, मुडद्या."
मग त्यानं चप्पल हुंगली, अंगठा हुंगला,
आणि असा शरमला
की दोन दिवस भाकरीला आला नाही.

ह्यांना जनावरांचा लळा कधीच नव्हता.
आता पहाटे उठून पावलीचं दूध कोमट करतात,
बोट बुडवून बघतात.
माझ्या पेजेतही तेच बोट.
मग आठवतं, मग डेटॉलनं हात धुतात,
मोजून एक तांब्या.
ओट्यापाशी तिच्याशी बोलतात, मला आतून ऐकू येतं:
"काल तिनं दोनच घास खाल्ले. अन् तू काय बोंबलायलीस?"
मला ते असं काही सांगत नाहीत.

तोंड आलंय.
ओठांत टाचण्या धरून ब्लाऊज शिवायचे
तेव्हा जिभेला लागायची ती चव
आता पाण्याला येते, वरणाला येते.

केस तिसऱ्या आठवड्यात गेले.
ऊन वाढलं तसे पावलीचेही गळायला लागले.
केर काढताना दोघींचे एकत्र यायचे,
माझे काळेपांढरे, तिचे तांबूस.
फेकू का, हे विचारायचं ह्यांना धाडस होईना.
अस्तराच्या पिशवीत कोंबून
खुंटीला टांगून ठेवले.

मंगळवारी दुपारी बोळात आरोळी आली,
"केसावर भांडेऽऽय!"
मी खिडकीतून पिशवी दिली.
तिनं मूठभर काढून उन्हात धरले.
"बाई, ह्यात मांजर हाय."
"हाय. वजनात धरू नको."
तिनं माझ्या रुमालाकडे पाहिलं
आणि टोपलीतल्या पिना बाजूला सारून
एक स्टीलची वाटी काढली.
थोडी थांबली. दुसरी काढली.
"ही तिची."

त्या दुसऱ्या वाटीवरून हे अर्धा तास भांडले.
एवढ्याशा केसांवर दोन कशा?
काहीतरी चुकलंय, बोलव तिला.
चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेला माणूस,
हिशेबात जास्तीचा रुपया निघाला
तरी त्याला झोप लागत नाही.

काल रात्री अडीचला नळ आला.
आधी हवालदार ओरडतो, मग पाईप.
हे लुंगी खोचून धावले,
जाळी उघडीच राहिली.
पावली आत आली.
पायथ्याशी थांबली नाही,
सरळ चढली, आणि सुईनं काळ्या पडलेल्या
त्या शिरेजवळ अंगाचं मुटकुळं करून बसली.

मी हात लावला नाही.
डॉक्टरीणबाई, देवाशप्पथ, मी हात लावला नाही.
चादर तेवढी जरा सैल केली.

बाहेर हौदात पाण्याचा आवाज
भरत भरत बारीक होत गेला.
ह्यांनी अंगणातून हाक मारली, "झोपलीस का गं?"
दोघींपैकी कुणीच ओ दिली नाही.