धक्का क्रमांक नऊ

तारीख मी पेन्सिलनेच लिहिते.
या वहीत पेनाने लिहिलेली नोंद एकच,
कोळशाच्या एका ग्रीक जहाजाची,
आणि ते आलंच नाही.

मुरगाव बंदरात मी धक्के वाटते.
कुणाला किती तास, कुणाच्या मागून कोण,
भरतीला किती पाणी, ओहोटीला किती गाळ.
त्यात आता हे नवं गिऱ्हाईक,
वर जाऊन खाली येणारं.

उत्तरेच्या किनाऱ्यावरून सुटणार,
पोटात एकतीस उपग्रह, एकतीस मालकांचे.
कुणाचा ढग मोजणारा, कुणाचा जहाजं,
आणि एक जेवणाच्या डब्याएवढा, फोंड्याच्या पोरांनी केलेला.
त्याचीच बॅटरी तपासणीत दोनदा नापास.
भाडं सगळ्यांनी वाटून भरलेलं,
म्हणून वाटही सगळ्यांनी वाटून बघायची.

सोळा. खोडली.
एकोणीस. खोडली.
बावीसला वरचा वारा आडवा.
एक तारीख पुसली की मला अकरा फोन:
टगवरच्या बाप्तिस्त कुलासोला,
क्रेनवरच्या इनासला, ज्याच्या मेहुणीचं लग्न नेमकं सत्तावीसला,
हेलियमच्या टँकरला, जो अनमोडच्या घाटात
कुठल्यातरी वळणावर चाक बदलतोय,
आणि कुटबणच्या ट्रॉलरवाल्यांना,
की अमुक अक्षांश, तमुक रेखांश,
सकाळी सहा ते दहा तिथे जाळं टाकू नका.
रुझार म्हणतो, "बाये, मासळीला कळवलंय का?"

तराफा आमचाच. म्हणजे खनिजाची जुनी बार्ज,
सावर्ड्याची लाल माती तीस वर्षं वाहिलेली,
खाणी थांबल्यावर झुवारीत गंजत पडलेली.
तिच्यावर पोलादी पाट चढवला, चार कोपऱ्यांना चार पंखे,
मधोमध पांढरं वर्तुळ.
वेल्डिंग करताना सांध्यांतून अजून लाल भुकटी गळत होती.
जन्मभर तिने जे नेलं ते कधी परत आलं नाही,
आणि आता म्हणे, परतणाऱ्याला झेल.

सत्तावीसला, सहा बेचाळीसला, सुटलं.
सगळे गच्चीवर. मी रेडिओपाशी.
आठ मिनिटांत चहावर साय धरते,
एवढंच मला त्यातलं कळतं.
मग बाप्तिस्तची खरखर:
"उबो आसा."
आणि जरा थांबून, "पूण वांकडो."
एक पाय वर्तुळाबाहेर, गुडघ्यात दुमडलेला.

साखळ्या घातल्या. तीन दिवस ओढत आणला,
ताशी चार मैल, लाटेला सांभाळत,
हळदीच्या अंगाची नवरी आणावी तसा,
असं इनास म्हणाला; त्याचं लग्न चुकलं होतं, त्याला बोलू दिलं.
खाडीच्या तोंडाशी मीच पाच तास थांबवला.
क्रूझचं जहाज बाहेर पडत होतं, दोन हजार माणसं,
आणि वाट एकच.
कंपनीचा साहेब फोनवर तापला.
अंतराळातून आला असेल, म्हटलं, रांगेत येऊ दे.

पहाटे नऊ नंबरला लागला.
कमरेपर्यंत काळा, वर पांढरा,
जळलेल्या रंगाचा वास, रॉकेलचा,
आणि त्याखाली आणखी एक, ओळखीचा.
इनासने पाटावरून उचलून दाखवला:
उडता मासा, पंख पसरलेले,
एका बाजूने खरपूस.
मासळीला कळवलं नव्हतं.

दुपारी फोंड्याहून एका पोराचा फोन.
तीस बोलू लागले, आमचा गप्प आहे,
सूचनेवर तुमचा नंबर होता,
तुमच्याकडे काही ऐकू आलं का?
मी म्हटलं, बाळा, हे बंदर.
खाली येणाऱ्यांची वही आहे माझ्याकडे,
वर राहिलेल्यांची नाही.
सॉरी म्हणाला. फोन मात्र ठेवेना.
मग मीच विचारलं, नाव काय रे त्याचं?
"काजुलो."
समासात लिहून घेतलं.
पेन्सिल सापडत नव्हती,
पेनाने लिहिलं.