दुभाषी

वडगावात आमच्या गल्लीत माग थांबत नाहीत.
खट्याक-खट, खट्याक-खट, रात्री अकरापर्यंत.
त्यात एक ताट आपटलं, एक डोकं आपटलं,
कुणाला वेगळं ऐकू येणार?
लाइट गेली की मात्र अख्खी गल्ली कान होते.
म्हणून लाइट गेली की बाबा गप्प बसतात
आणि आई, मी, परशा
अंधार पडायची वाट बघतो.

माझं दहावीचं वर्ष.
एक ओळ वाचते, तीच पुन्हा वाचते,
शब्द दाराकडे बघत राहतात.
चपला फरफटत आल्या तर जेवून झोपतील,
टाचा आपटत आल्या तर
मी मनातल्या मनात कन्नडात मोजते:
वंदु, एरडु, मूरु...
शिव्या सगळ्या मराठीत येतात
आणि भीतीला अजून कन्नड येत नाही.

परशा तेरा वर्षांचा.
काल त्यानं गल्लीतल्या कुत्रीला लाथ घातली,
बाबांच्याच आवाजात विचारलं, "काय बघुलालास?"
मग तासभर न्हाणीत
पाय धूत बसला.

आई भाजीत मीठ दोनदा घालते, नाहीतर घालतच नाही.
कडी लावली का बघायला रात्री तीनदा उठते,
आणि ज्याची भीती
तो कडीच्या आत घोरत असतो.
शेजारच्या म्हणतात, यल्लूबाईला बाहेरचं झालंय,
सौंदत्तीला नेऊन आणा.

मी तिला सिव्हिलला नेलं.
डॉक्टरीणबाई नव्या, धारवाडकडच्या.
"एनातरी?"
आईनं माझ्याकडे बघितलं.
"सांग, न्हाणीत घसरून पडलो म्हणून."

बिद्दार. तीन अक्षरं.
मागच्या दोन्ही वेळा तेच सांगितलं होतं,
एकदा टाके पडले तेव्हा, एकदा कानाच्या वेळी.
या वेळी तोंडातून निघालं,
"अप्पा होडीतार."
मारलं नव्हे. मारतात.
तेही आदरार्थी,
एकवचन काही जमलं नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं.
केसपेपर पंख्याच्या वाऱ्यानं उडत होता,
तो मी दोन्ही हातांनी दाबून धरला
म्हणजे आईकडे बघावं लागणार नाही.
आणि मग आठवलं,
खासबागच्या बाजारात वीस वर्षं
ही बाई कन्नडातच भाव करून वांगी घेते.

तिला कळलं होतं.
पोरगी खोटं बोलते, असं ती म्हणाली नाही.
पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं,
परत गुंडाळलं,
आणि बऱ्याच वेळानं, खाली बघूनच, म्हणाली,
"झोप लागत न्हाई, ते पण सांग."

सांगितलं.
आधी तिच्या झोपेचं,
मग कुणी विचारलं नसताना माझ्या.
परशाचं सांगायला गेले
तर कुठल्याच भाषेत
शब्द येईना.