फक्की

मोतीबागेत बेनेडिक्ट सर
अजून स्वतःच फक्की टाकतात.
रेष सरळ, पाठ नाही.

मडगावात दोन मोसम, ऐझॉलला एक,
कोझिकोडला अकरा सामने,
मस्कतला रमजान लागेपर्यंत.
कुठल्याच खोलीत खिळा ठोकला नाही;
शर्ट दाराच्या कडीलाच राहिला.

‘सर, तुम्हाले कितीदा काढलं?’
‘सातदा. एकदा तर जिंकल्यावर.’
पोट्टे खिदळतात.

गोलपासून बारा पावलं.
सगळ्या गावांत एवढं अंतर तेवढं
सारखं निघालं.
ठिपका टाकून ते तिथंच उभे राहतात,
हात पांढरे, डोक्यावर मे महिना.

मग हळूच विचारतात,
‘सुगत, तुह्या घरी हातोडी आहे का बे?’