माया

उद्यमनगरात, लेथचा कीस चपलेला चिकटतो त्या बोळात
हारुणचाचा शिकलगारांनी दोन गाड्या
भिंतीला टेकवून ठेवल्यात.
एक पन्नास सीसीची, चाकं परातीएवढी, मडगार्ड पिवळं.
दुसरी पंच्याऐंशीची, उंच, अंग ताणून उभी,
कुणा कारखानदाराच्या पोरानं म्हणे दोनदाच चालवलेली.

"मोठीच घ्या वहिनी," शेजारचा वेल्डर चष्मा वर करून सांगतो,
"पोरगी काय, वर्षात वाढतीया. पैसे दोनदा कशाला घालताय?"

हा हिशेब मला पाठ आहे.
माझा शाळेचा झगा चौथीत घेतला, तो सातवीपर्यंत गेला,
दरवर्षी खालची पट्टी उसवायची,
आणि आधीच्या घडीची गडद रेघ
घोट्याकडे सरकत जायची.
बुटांच्या टोकाला कापूस.
सायकल भावाची, नळीखालून पाय घालून तिरकी चालवलेली.
स्थळसुद्धा तसंच पाहिलं होतं, जरा सैल.
म्हणाले, बसेल अंगाला.

आता मीच शिवते.
मंगळवारातल्या अर्ध्या बायकांची मापं माझ्या वहीत आहेत,
आणि प्रत्येक ब्लाउजला मी आतून माया सोडते,
दोन्ही कुशींना इंच इंच,
कारण माणूस वहीत लिहिलं तेवढंच राहत नाही.

पण गाडीला माया कुठून आणायची?

पर्समधून टेप काढते.
शर्वरी भिंतीला पाठ लावून उभी राहते, अनवाणी,
पाहुणे बघायला आल्यासारखी नाही,
तालमीत वजन करायला आल्यासारखी.
मांडीच्या सांध्यापासून टाचेपर्यंत साडेबावीस.
पिवळीची सीट बावीस.
पंच्याऐंशीच्या सीटपर्यंत टेप नेतच नाही मी.
तिला नुसती बसवते,
अंगठे हवेत चाचपडतात, जमीन सापडत नाही.

"पिवळी," मी म्हणते.
वेल्डर चष्मा खाली ओढून घेतो.

शर्वरीचा चेहरा पडलेला. "ही बारक्यांची हाय."
चाचा बोलत नाहीत. खाली बसतात, गुडघे वाजतात,
मुठीपाशी एक बारीक स्क्रू दाखवतात.
"ह्यो आत घेतला की निम्माच एक्सलेटर.
पोरीचा हात बसंल तसा एकेक आटा सोडा.
नऊ आटे हाईत."

आत घेतलेलं. हळूहळू सोडायचं.
अहो चाचा, मग आधी का नाही सांगितलं,
माया आहे की हिला.

अडतीस हजार. दोन लग्नसरायांचे काठ-पदर, फॉल, पिको.
हेल्मेट मात्र नवीन घेतलं, घट्ट, गाल दाबणारं.
तिथे कापूस चालत नाही.

कळंब्याच्या मागे मुरमाचा माळ आहे, तिथे रविवारी.
चाचांनी तिला आधी जायला शिकवलंच नाही.
लाल बटण दाबायचं. बंद. पुन्हा चालू. पुन्हा बंद.
वीस वेळा. ती कंटाळली, मी मोजत राहिले.

तिसऱ्या फेरीला वळणावर मागचं चाक घसरलं.
मी धावले, पायातली चप्पल मागेच राहिली,
तोंडातून तिचं नाव निघायला हवं होतं,
निघालं, "बटण!"
त्याआधीच तिनं दाबलं होतं.
आडवी गाडी गप्प, चाक तेवढं फिरत होतं हवेत,
आणि तांबड्या धुळीतून पोरगी उठली, म्हणाली,
"मी पडलो न्हाई. उतरलो."

रात्री तिच्या विजारीला ढोपरावर ठिगळ लावत होते.
गडद निळा तुकडा नव्हता, मरून लावला.
स्क्रूची किल्ली बॉबिनच्या डबीत, सुयांखाली.
अंथरुणातून आवाज आला,
"आई, अजून किती आटे हाईत गं?"

"सात," मी म्हणाले
आणि मशीनचं चाक फिरवलं.