दोन झाकणं तेल

नेहरूनगरचं क्वार्टर सोडलं तेव्हा
फ्रिज विकला, शिलाई मशीन देऊन टाकलं,
येझदी मात्र टेम्पोत आडवी बांधून आणली
आणि जेलरोडच्या फ्लॅटच्या जिन्याखाली उभी केली.
तेव्हापासून उभीच. अकरा वर्षं.
वर मीटरच्या पेट्या, खाली ती.
तिच्यावर कुणाची सतरंजी, कुणाचा मोडका स्टूल,
एका हिवाळ्यात गांगुर्ड्यांच्या मांजरीची तीन पिल्लं.

सुधन्वा चिंचवडहून फोनवर म्हणाला,
भंगारात साडेतीन हजार येतील, बघ.
त्या रविवारी मी सतरंजी काढली.

डाव्या सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीनं घर बांधलं होतं,
उजव्यात बहुधा तिच्या लेकीनं.
टाकीत चिंचेचं पाणी आणि मूठभर नट घालून
मी नि गांगुर्डेकाका दोन टोकांना धरून हलवत बसलो,
झोपेना अशा पोराला हलवावं तसं.
आधी लाल पाणी निघालं, मग तांबूस, मग चहासारखं.
साइडबॉक्समध्ये एक जुना प्लग, अर्धं खांड सुपारी,
आणि प्रेसचा गेटपास. त्यावर अप्पा, काळ्याभोर मिशा,
माझ्याहून नऊ वर्षांनी लहान.

हा माणूस दिवसभर नोटा छापायचा
आणि गाडी कायम रिझर्व्हवर.

भद्रकालीतून इद्रिसभाई आले.
सिगारेटच्या पाकिटाची पट्टी फाडून
पॉइंटमधलं अंतर मोजलं, कार्बोरेटर फुंकला,
क्लचच्या कॉर्कच्या प्लेटा मालेगावहून मागवल्या.
म्हणाले, "इंजिन बसेल नाय ताई, रुसेल हाय. मारा किक."
मारली. मारत राहिले.
पोटरीवर जांभळाएवढा डाग उमटला.
ती एकदा शिंकली, बस्.

शनिवारी सकाळी थंडी अशी
की खोबरेलाची बाटली उन्हात ठेवायची वेळ आलेली.
आई जिन्यात आली. हाताला कणीक.
"तेल किती घातलंस?"
इद्रिसभाईंनी सांगितलं तेवढं.
"कुठल्या मापानं?"
वर गेली आणि बोर्नव्हिटाच्या बरणीचं झाकण घेऊन आली,
कडेला चिरलेलं, बाळखोकल्याच्या औषधासारखं जपलेलं.
"लिटरला दोन. हे काम माझं होतं.
ह्यांचा अंदाज म्हणजे... नांदूर नाक्यावर दोनदा पिस्टन अडकलाय."

मग म्हणाली, ते बारकं बटण दाब,
बोटाला पेट्रोल गार लागेपर्यंत. सोड.
आता दोन किका चावी न लावता. थांब जरा.
चावी लाव.

ती कधी हँडलला बसली नव्हती.
बावीस वर्षं रोज सहा वीसला, भोंगा व्हायच्या आधी,
ओट्यापाशी उभी राहून तिनं हे ऐकलं होतं:
दाब, थांब, एक, दोन.
तिसऱ्या किकला ती चहा गाळायची.

तिसऱ्या किकला जिना निळा झाला.
वरून दारं उघडली, कुणीतरी ओरडलं, आग लागली का,
गांगुर्डेकाका खोकत खोकत हसत होते.
आईनं मान तिरकी केली.
"डावीकडचा आवाज पातळ येतोय," म्हणाली,
आणि वर गेली.

मला वाटलं डोळे पुसायला.
ती दळणाचा डबा घेऊन खाली आली.
"गिरणी बारालाच बंद होते."

ज्या दांड्यानं किक, त्याच दांड्यानं गिअर;
पुढे ढकलून खाली दाबायचा, एवढं मला आठवत होतं.
आई एका अंगाने बसली, मांडीवर डबा,
सीटचा पट्टा कधीच तुटलेला, तरी हात तिथेच गेला.

सैलानीबाबा चौकात गाडी गचके खायला लागली.
मागे रिक्षा, पुढे ऊस भरलेला ट्रॅक्टर.
मी टाकीखाली चाचपडतेय, काही सापडत नाही,
तेवढ्यात माझ्या गुडघ्यापाशी तिचा हात आला,
कणीक वाळलेला,
आणि न बघता त्यानं कॉक फिरवला.

"रिझर्व्ह," आई म्हणाली.
डबा हललासुद्धा नाही.