सत्तावीस बाक

अमळनेर सोडलं तेव्हा पाच वाजले होते.
टेम्पोची काच आतून पुसायला
धनराजने पायातला मोजा काढला.
'आज हिव भारी शे भो,' एवढंच म्हणाला,
मग तापीपर्यंत गप्प.
मागे सत्तावीस बाक, पालच्या शाळेचे, नवेकोरे.
खड्डा आला की सगळे एकदम बोलत.

पुलावर धुकं. नदी दिसली नाही.
चाकांचा आवाज बदलला,
त्यावरून कळली.

चोपड्यात चहा.
कपापेक्षा बशी बरी,
खाली दोन्ही तळहात धरता येतात.
शेजारी कानपट्टी बांधलेला एक म्हातारा
विकायची कुलपं मांडत होता;
प्रत्येक कुलूप लावून, उघडून,
मगच खाली ठेवत होता.

अडावदच्या पुढे
डाव्या हाताचा सातपुडा उजळला
आणि बराच वेळ सोबत चालला.
कापसाची गाडी नुकतीच गेली असावी:
बाभळीला पांढरं, तारेला पांढरं,
एका बकरीच्या शिंगालाही.

किनगावच्या अलीकडे टायर बसलं.
ओझं कमी करायला बाक उतरवले,
रस्त्याकडेला वर्ग भरला, पोरांवाचून.
शेतातून पऱ्हाट्यांचा धूर येत होता,
धुरात वांगी.
'या ना भाऊ, भरीत होऊनच राह्यलं,'
बांधावरून देवकाबाईंची हाक.

बडगीत हिरवी वांगी, हिरवी मिरची, लसूण,
वरून कांद्याची पात, मूठभर शेंगदाणे.
कळण्याची भाकरी, काठाला करपलेली.
पाणी इतकं गार
की दात आधी मोजून घ्यावेत.
एक बाक आम्ही बांधाजवळ ओढला.
देवकाबाई आधी बसेनात,
मग लुगड्याला हात पुसून
अगदी टोकाला टेकल्या,
खालच्या कप्प्यात हात घालून चाचपलं.
'इथं काय ठेवता?'
'दप्तर,' धनराज म्हणाला.
'आणि भाकर?'
'तीबी.'
त्यांनी मान हलवली,
जसं कुणी जागा पाहून सोयरीक पक्की करावी.

पालला पोचलो तेव्हा
शाळेच्या भिंतीवरून ऊन उतरत होतं.
हेडमास्तरांनी बाक मोजले, दोनदा.
सतराव्यापाशी थांबले.
फळीवर तेलाची चार बोटं.
'हे काय?'
धनराजने माझ्याकडे पाहिलं, मी सातपुड्याकडे.
'भरीत, सर.'
सर वाकले. वास घेतला.
क्षणभर तसेच वाकून राहिले.
मग खिशातून पेन काढून
पावतीवर लिहिलं:
माल मिळाला. सुस्थितीत.
आणि सही करता करता विचारलं,
'किनगावच्या अलीकडचं ना?'